हाउकिसाल्मीचा अर्धा पूल

तावेत्ती केम्पाइनेनला आयुष्यात कधी थांबता आलं नाही. छप्पर गळायच्या आधीच हा शिडी लावणार, सरपण संपायच्या आधीच कुऱ्हाडीला धार करणार. सरकारचं काम मात्र थांबणाऱ्यालाच फळतं, आणि हे त्याला शहात्तरी गाठेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

हाउकिसाल्मीच्या खाडीच्या या काठाला आमची जेमतेम सहा घरं. मध्ये लाकडी पूल. गेल्या शरदात पुलाखालचे ओंडके कुजलेले निघाले आणि जड गाड्यांना बंदी आली. बाकीच्यांनी कुरकुर करून भागवलं. तावेत्तीचं भागेना. त्याची बायको लेम्पी हिची मूत्रपिंडं गेलेली, त्यामुळे रक्त शुद्ध करायला दर दोन दिवसांनी काजानी शहराच्या इस्पितळात जावं लागे. चाकांची खुर्ची चढवणारी टॅक्सी आता पलीकडच्या काठालाच थांबायची. हिवाळाभर तावेत्तीने तिला घोंगड्यांत गुंडाळून तिथवर ढकलत नेलं. शेवटी इस्पितळाने बजावलं, उन्हाळ्यापर्यंत गाडी दारात आली नाही तर लेम्पीने शहरातल्या वृद्धाश्रमात राहायचं. लेम्पीला घर सोडायचं नव्हतं. ती त्यावर बोलायचीसुद्धा नाही, नुसती खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसायची.

पुलासाठी सरकारी अनुदानाचा अर्ज केला होता. मंजुरी मिळेल, पण मार्च सरता सरता, असं कळलं. इथे तावेत्तीचं डोकं चाललं. खाडीवर बर्फ आहे तोवरच पुलाखाली उभं राहून काम करता येतं. बर्फ गेलं की सगळं पाण्यात. म्हणून त्याने तालकोत बोलावलं. तालकोत म्हणजे इरजिकच. गावाने मिळून काम करायचं, आणि ज्याने बोलावलं त्याने सूप पाजायचं. सगळे आले. ट्रॅक्टरवाला रेयो तोंडाचा फटकळ, पण सगळ्यात आधी तोच हजर. ओंडके गावच्याच जंगलातले. बघता बघता अलीकडचा अर्धा पूल नव्या आधारावर उभा राहिला. सरकारचा तेवढाच भार हलका, असं तावेत्तीला मनापासून वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात पाहणीला अधिकारी आली. आन्निना नावाची तरुण मुलगी, स्वभावाने चांगली. तिने आधी लेम्पीशी गप्पा मारल्या, मग तावेत्तीबरोबर बर्फावर उतरली. त्याने मोठ्या कौतुकाने ओंडक्यांवर थाप मारून दाखवली. पोरीने हातातली वही मिटली. मग वर ओंडक्यांकडे तिने पाहिलंच नाही.

"काका, ही दुरुस्ती जुनी असेल ना?" ती हळूच म्हणाली. "मागच्या कुठल्यातरी वेळची?"

मागे उभ्या रेयोला इशारा कळला. "जुनीच म्हणायची," तो घाईने म्हणाला.

तावेत्तीला राग आला. थंडीत राबलेल्या माणसांचं काम असं कसं जुनं म्हणायचं? "जुनी कुठली? अजून डिंक गळतोय बघा. गेल्या शनिवारी बसवलेत ओंडके."

आन्निनाने डोळे मिटून घेतले. मग तिने सांगितलं की मंजुरीआधी सुरू झालेल्या कामाला काही मिळत नाही. नियमच तसा आहे, आणि आता तिने स्वतः ऐकलं होतं.

"मग काढून टाकतो," तावेत्ती म्हणाला.

"काढलंत तरी काम सुरू झालंच होतं ना, काका."

अर्ज बाद झाला. पलीकडच्या भागाला लोखंडी तुळया हव्या होत्या, वर इंजिनियरची सही. ते काही सूप पाजून होण्यासारखं नव्हतं. तावेत्तीने कचेरीत फोन लावले, प्रत्येकाने गोड शब्दांत नियम सांगितला. भांडायला समोर माणूसच सापडेना. गावात कुणी त्याला बोल लावला नाही, हे त्याला जास्त लागलं. रेयो तेवढा एकदा कॉफी पिता पिता म्हणाला, "तुझ्यासारखा खरा माणूस पूल नसलेल्या गावातच शोभतो." कुणी हसलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ पिचायला लागलं आणि वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली. निघायच्या दिवशी तावेत्ती लेम्पीची खुर्ची पुलावरून ढकलत होता. रेयो पिशव्या घेऊन पुढे गेला होता. पलीकडे टॅक्सी दार उघडून उभी होती. तावेत्तीच्याने राहवेना.

"माझं चुकलं का गं?" त्याने विचारलं.

"काम सुरू केलंस त्यात काय चुकलं?" लेम्पी मागे न बघता म्हणाली. "पण त्या पोरीला 'हो, जुनं आहे' म्हणाला असतास ना, तर मी जन्मात तुला काही म्हटलं नसतं."

तावेत्ती खुर्ची ढकलत राहिला. नवरा खरा आहे, हे ती पन्नास वर्षं चारचौघांत मिरवत आली होती. खोटं तिने त्याच्याकडे आज पहिल्यांदाच मागितलं, आणि आता ते देऊन काही होणार नव्हतं.