लिफ्टची पाटी

करोनाच्या सुरुवातीला ‘परदेशी व्यक्तींनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी आमच्या हडपसरच्या सोसायटीत मीच लावली. सेक्रेटरी म्हणून मी केलेलं ते एकमेव काम. अक्षरही सुबक आलं होतं.

आमच्याकडे परदेशी एकच, पाचव्या मजल्यावरचा सुदानी भाडेकरू. रोज छातीवर हात ठेवून मला नमस्कार करायचा. त्याचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही. पाटी लागल्यापासून तो खांद्यावर पाण्याचा जार घेऊन, आठवा महिना लागलेल्या बायकोला दुसऱ्या हातानं धरून जिना चढायचा. दर मजल्यावर ती दम खायला थांबायची.

चौथ्या दिवशी त्यानं जार आमच्या दारात आपटला.

“अहो सेक्रेटरी, नऊ वर्षांत मी पुण्याबाहेर गेलो नाही. परवा तुमचे जावई दुबईहून आले, ते वर कसे आले?”

“लिफ्टनं... पण ते घरचेच आहेत.”

“मग माझ्या बायकोनं कोणापासून लांब राहायचं, तेही लिहा पाटीवर!”

जार तिथंच टाकून तो पाय आपटत वर गेला.

आतून सगळं ऐकणारी माझी बायको बाहेर आली. म्हणाली, “आधी हा जार त्यांच्याकडे पोचवा, जिन्यानं. मग खाली जाऊन पाटी काढा. जावईबापूंचं मी बघते.”