वहिनीने सोडलेले मासे

समुद्रावर उलटी करणाऱ्या माणसाची वहिनीला कधी किळस आली नाही. बादली पुढे करायची, पाठीवरून हात फिरवायचा, बादली समुद्रात उपडी करून खळबळून घ्यायची, झालं. आमिषाच्या माशांची पोटं फाडताना कोपरापर्यंत येणारी घाण, डिझेलचा धूर, उन्हात राहिलेल्या बर्फपेटीचा आंबूस वास, यातल्या कशानेही तिचं नाक वाकडं होत नसे. नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईचं ते कामच नव्हे. तिला किळस यायची ती धुतलेल्या, पुसलेल्या, सेंट मारलेल्या माणसांची, आणि तीही मासा बोटीवर आल्यानंतर.

ती नेमकी कोणाची वहिनी, हे धक्क्यावर आता कोणी विचारत नसे. बोट चालवायचा तिचा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून बर्फवाला म्हणू लागला, डिझेलवाला म्हणू लागला, आणि तिच्या बापाच्या वयाचा पहारेकरीही. बोट मुळात तिच्या नवऱ्याची. त्याला सगळे थोरला कप्तान म्हणत. इंजिन उचलताना त्याची कंबर गेली आणि तो खाटेला लागला, तेव्हा सुकाणू दिराच्या हाती आलं आणि मागच्या बाजूची सगळी घाण वहिनीच्या.

धंदा वर्षातल्या उन्हाच्या महिन्यांचा. त्या दिवसांत गरम पाण्याचा प्रवाह किनाऱ्याजवळ सरकतो, त्याच्यामागून लहान मासळीचे थवे येतात आणि थव्यांच्या मागून शिडवाले. शिडवाला म्हणजे माणसापेक्षा लांब मासा. पाठीवर उभं शिड, तोंडाला भाल्यासारखी चोच. खायला चिवट, चवीला जेमतेम. पण गळ लागला की तो पाण्याबाहेर असा उसळतो, असा नाचतो, की तो नाच बघायला लांबलांबचे लोक येतात, खुर्चीला पट्ट्याने बांधून घेतात आणि गळाची काठी धरून घाम गाळतात. खायचा नाही, विकायचा नाही, दमवायचा आणि सोडायचा, याला ते खेळ म्हणतात. गळाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्याला हा खेळ आवडतो का, हे कोणी विचारत नाही.

त्या किनाऱ्यावर मासा जिवंत सोडायचा नियम सगळ्यांत आधी आणला थोरल्या कप्तानाने. बोटीच्या अंगावर त्याने स्वतः ब्रशने लिहिलं होतं, ‘इथे मासा मरत नाही.’ बाकीचे चिडवायचे, ‘मग काय पेन्शन घेतो का?’ तो हसायचा. पण वहिनीला त्या ओळीचा इतका अभिमान होता की दर हंगामाआधी त्या अक्षरांवरून ती पुन्हा रंगाचा हात फिरवायची.

मासा परत जिवात आणायची विद्याही त्यानेच तिला शिकवली होती. दमलेला शिडवाला नुसता पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जातो. बोट अगदी हळू पुढे चालू ठेवायची, आपण मागच्या कडेवर पालथं पडायचं, एका हाताने चोच धरायची, दुसरा हात पोटाखाली घालायचा, आणि तोंडातून शिरलेलं पाणी कल्ल्यांतून वाहू द्यायचं. घाई करायची नाही. मग करड्या पडलेल्या अंगावर निळे पट्टे उमटायला लागतात, डोळा आपल्याकडे फिरतो, शेपटीत ताकद भरते, आणि मासा स्वतःच हात हिसकावून घेतो. त्या हिसक्यासाठी वहिनी खांदे भरून येईपर्यंत पालथी पडून राहायची.

पण हे कधी? मासा लगेच पाण्यात मिळाला तर. दिराच्या हातात बोट आल्यापासून तो लगेच मिळेनासा झाला. आधी फोटो. काठी धरणाऱ्याचा, त्याच्या भावाचा, ज्याने दिवसभर फक्त वेफर्स खाल्ले त्याचासुद्धा. गॉगल घालून, गॉगल काढून, शर्ट काढून. तोवर मासा उन्हात. वहिनी म्हणायची, “भाऊजी, पुरे करा, तो गुदमरतोय.” दीर म्हणायचा, “वहिनी, पाहुणे फोटोसाठीच येतात. मासा त्यांना काय सासरी न्यायचाय?” मग तो मासा तिच्या हातात यायचा, लाकडासारखा. ती जीव तोडून प्रयत्न करायची. दहातले सात-आठ मासे तिने हात सोडला की पोट वर करून खाली जायचे.

आणि संध्याकाळी घरी खिडकीजवळच्या खाटेवर नवरा वाट बघत असायचा. “आज किती सोडले?” ती आकडा सांगायची. “कसे गेले?” “कसे म्हणजे? एकाने तर जाता जाता तोंडावर पाणी उडवलं.” त्याचा चेहरा खुलायचा. आधीच बिचारा खाटेवर, त्यात त्याला हे कशाला सांगा? झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन हंगाम ती मूठ तिने झाकून ठेवली होती. बोट सोडून द्यावी असं हजारदा मनात आलं. पण आपण सोडली तर त्या माणसाच्या शब्दाला मागे कोण उरलं, म्हणून ती पहाटे उठून डबा भरायची आणि धक्क्यावर जायची.

त्या वर्षी टायरवाला आला. टायरांची चार-पाच दुकानं असलेला हा गडी दर हंगामात यायचा आणि मागच्या वर्षीच्या माशाला दर वेळी वीतभर वाढवायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसा प्रकार. या वेळी त्याने हट्टच धरला, “थोरल्या कप्तानांना आणा. त्यांच्या हातून शिकलोय मी.”

“अहो, नका येऊ,” वहिनी घरी नवऱ्याला म्हणाली. “बोट हलते, कंबर पुन्हा धरेल.”

“माझीच बोट मला हलवणार?” नवरा आरशासमोर दाढी करत होता. कंबरेचा पट्टा घट्ट आवळून, काठी घेऊन, तो तीन वर्षांनी जिना उतरला. धक्क्यावर सगळ्यांनी त्याच्याभोवती गर्दी केली. वहिनीला मात्र एकच दिसत होतं. आज हा माणूस मासा मरताना बघणार, आणि रोज संध्याकाळी आपण काय सांगत होतो तेही त्याला कळणार. देवा, आज एकही मासा लागू नये, असं ती मनात म्हणत होती. मासेमारीच्या बोटीवर उभं राहून असं मागणं मागणारी ती पहिलीच असावी.

लागायचा तो लागलाच. उन्हं डोक्यावर यायच्या आत काठी वाकली, रीळ किंचाळलं आणि लांबवर शिडवाला पाण्यातून निघाला. नाचला, आपटला, पुन्हा नाचला. टायरवाला खुर्चीत बसून ओरडत होता, त्याचा पुतण्या शूटिंग करत होता, आणि कॅबिनच्या सावलीत बसलेल्या नवऱ्याचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. वहिनीला वाटलं, निदान एवढं तरी त्याला मिळालं.

मासा थकून बोटीला लागला. दिराने आणि पुतण्याने तो उचलून टायरवाल्याच्या मांडीवर ठेवला. आणि तमाशा सुरू झाला. टायरवाल्याने शर्ट काढला. उन्हाचं क्रीम फासलेलं त्याचं पोट आणि माशाचं पोट एकमेकांना चिकटलं. एक फोटो. मग पुतण्याबरोबर. मग माशाची चोच हवेत धरून. मग त्याने ओठांचा चंबू करून माशाच्या गालाचा मुका घेतला, आणि तो फोटो हलला म्हणून परत घेतला. बाजूला बिअरचा डबा लवंडला आणि फेस माशाच्या डोळ्यावरून ओघळला. माशाच्या अंगावरचा निळा रंग भराभर उतरत होता.

“साहेब, पाण्यात द्या आता,” वहिनी म्हणाली.

“एकच, वहिनी, एकच.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा ओरडणार, याची तिला खात्री होती. काठी आपटेल, उठेल, कंबर मोडली तरी उठेल. नवरा खरंच पुढे झुकला.

“साहेब,” तो म्हणाला, “चोच जरा खाली घ्या, तुमचा चेहरा झाकतोय.”

वहिनीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मासा हातात आला तेव्हा ती कडेवर पालथी पडली, चोच धरली, पाणी फिरू दिलं. अंगावर पट्टा उमटेना. डोळा कुठेच बघत नव्हता. “सोडा वहिनी, दुसरी काठी टाकायचीय,” दीर वरून म्हणाला. ती सोडेना. शेवटी दिराने बोट पुढे काढली आणि मासा तिच्या हातातून निसटला. आधी शेपूट खाली गेली, मग पांढरं पोट फिरलं, मग हिरव्या पाण्यात ते पोट लहान लहान होत गेलं.

मागे टाळ्या वाजल्या. पहिली टाळी नवऱ्याची होती.

“गेला बघा! कसा सरळ घरी गेला!” तो म्हणाला. मग टायरवाल्याने टाळ्या वाजवल्या, पुतण्याने शिट्टी मारली.

वहिनी उठली आणि ओल्या अंगाने नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “अहो, तो मेला.”

“हळू बोल.”

“तुम्हाला दिसलं नाही?”

“मी काय आंधळा आहे?” तो कुजबुजला. “अगं, माझ्या वेळीसुद्धा निम्म्याच्या वर असेच जायचे. पाहुण्याला पाण्याखालचं काय कळतंय? तो खूश, आपण खूश.”

“मग बोटीवर लिहिलंत ते?”

“त्यावरच तर धंदा उभा राहिला. बाकीच्यांना सुचलं नाही, मला सुचलं.”

तिला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. “मग रोज संध्याकाळी मला का विचारत होतात?”

“तू सांगतेस छान,” नवरा हसून म्हणाला. “तोंडावर पाणी उडवलं काय, मागे वळून बघितलं काय! दिवसभर खाटेवर पडून माणसाला तेवढीच करमणूक.”

इतकी वर्षं बादल्या रिकाम्या करणारी वहिनी कडेला जाऊन कोरडी ओकली. पुतण्या म्हणाला, “वहिनींना बोट लागली!” आणि सगळे हसले. नवराही हसला. तिला त्या सगळ्यांची किळस आली, पण त्या तिघांची नेहमीची होती. नवऱ्याची नवी होती, आणि ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. तीन हंगाम ती याला जपत होती. पोटच्या पोरासारखं. आणि तो खाटेवर पडून गंमत बघत होता.

दुसरी काठी टाकली होती. दुपार उतरणीला लागली तेव्हा तीही वाकली. हा शिडवाला आधीच्यापेक्षा मोठा होता. टायरवाल्याचा श्वास फुलला, पुतण्याने आळीपाळीने काठी धरली, आणि बऱ्याच वेळाने मासा बोटीच्या मागे हातभरावर आला. दमला होता, पण अंगावरचा निळा रंग अजून शाबूत होता. हातमोजा घालून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, धरायचं, मासा जवळ ओढायचा, हे वहिनीचं काम. तिने तंगूस धरलं.

“आजचा मोठा हाच!” टायरवाल्याने गॉगल चढवला. “फोटो नीट घे रे, मघासारखा हलवू नकोस.”

“धर, घट्ट धर,” नवरा सावलीतून सांगत होता. “चोचीला हात घाल. मग वर.”

वहिनीने आमिष कापायची सुरी उचलली आणि माशाच्या तोंडापाशी तंगूस कापलं. मासा क्षणभर तिथेच राहिला, त्यालाही विश्वास बसला नसावा. मग त्याने शिड उभारलं आणि तो निघून गेला.

“वहिनी!” दीर ओरडला.

टायरवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. फुकट गेला दिवस, वेडी बाई ठेवलीय बोटीवर, पुन्हा पाऊल ठेवणार नाही, काय नि काय. वहिनी तंगुसाचं तुटलेलं टोक हातात धरून उभी होती. तिला वाटलं, निदान आता तरी नवरा काहीतरी बोलेल. तो बोलला. काठी टेकत उठला, टायरवाल्यासमोर गेला आणि म्हणाला, “माफ करा साहेब. बायकांचं हे असंच, भावनेच्या भरात करून बसतात. पुढच्या खेपेला एक दिवस माझ्याकडून.” बोलता बोलता त्याने हात जोडले आणि मान पार खाली घातली. कंबर गेलेला माणूस इतका वाकू शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर तिने बोट धुतली. बिअर, क्रीम, रक्त, सगळं. धक्का आला तेव्हा दीर तिच्याकडे न बघता म्हणाला, “वहिनी, उद्या येऊ नका. मी दुसरं माणूस बघतो.”

“बघा, भाऊजी.”

बोट आणि धक्का यांच्यामध्ये फूटभर पाणी होतं. नवऱ्याने उतरण्यासाठी तिच्याकडे हात केला. धरला नसता तर तो पडला असता, म्हणून तिने धरला. हात मऊ होता, कोमट होता, त्यावर कसलीही घाण नव्हती. तिने त्याला धक्क्यावर उभं केलं, काठी दिली, आणि सरळ डिझेलवाल्याच्या टपरीजवळच्या नळावर गेली. कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा तिथे पडलेला होता. तो घेऊन ती हात चोळू लागली, मनगटापर्यंत, मग पुन्हा एकदा.

नवरा काठी टेकत मागून आला. “एवढं काय घासतेस? दुसऱ्या माशाला तर तू हातही लावला नाहीस.”

“माशाचं नाही धूत,” वहिनी म्हणाली, आणि तिने नळ आणखी मोठा केला.