मुंबईसाठी शिवलेला कोट

“गठाणीवरचं वाचता येते ना त्याले? मंग झालं तं, मास्तर. अजून काय शिकवता?”

कापसाचा दलाल आमच्या ओसरीवर बसून सुपारी कातरत बोलत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराच्या आत उभी राहिले. बाबा हसले. कुणाला नाही म्हणायचं नसलं की ते असंच हसत.

“येतं,” बाबा म्हणाले. “वजन, खूण, गावाचं नाव, सगळं वाचतो.”

“मंग सोमवारपासून धाडा गठाणींच्या आवारात. कापूस घेणाऱ्या साहेबाचा माणूस अकोल्याहून येऊन राहिला.”

“आणि मुंबईच्या परीक्षेला त्याचं नाव पाठवायचं आहे, ते?”

“राहू द्या की औंदा. मुंबई कुठी पळून चालली?”

बाबांनी त्याने पुढे केलेली सुपारी घेतली. मग म्हणाले, “बरं.”

मी तांब्या आत परत नेला. तो कोणी मागितलाही नाही.

ज्याचं हे ठरलं तो बाबांच्या अमरावतीच्या शाळेतला सगळ्यांत हुशार विद्यार्थी होता. त्याची आई माळीण. रोज सकाळी ती वांगी, मेथी, कधी शेवंती घेऊन आमच्या दारी येई आणि टोपली उतरवायच्या आधी विचारी, “माह्या पोराचं कसं काय?”

मुंबईच्या कॉलेजात शिकायचं तर आधी तिथली प्रवेश परीक्षा द्यावी लागे, तीही इंग्रजीत. वऱ्हाडातून तिथवर जवळजवळ कुणीच जात नसे. बाबा पालकांना सांगत, “परीक्षेची तयारी परीक्षेच्या वर्षी करायची नसते. दोन वर्षं आधी सुरू करायची.” ते खरंही होतं. मुंबईत मुलाला कुठे उतरायचं, कुणाकडे जेवायचं, हेसुद्धा बाबा ओळखीपाळखीतून आधीच जमवून ठेवत. म्हणून तर लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता.

इंग्रजी मात्र मी शिकवत असे. आई गेल्यावर बाबांनी मला नागपूरला मिशनच्या मडमांच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे बोलणं, प्रार्थना, मार, सगळं इंग्रजीत. परत आले तेव्हा मराठी बोलतानाही मी मनात शब्द जुळवून घेई, त्यामुळे बोलतच नसे. विहिरीवरच्या बायका म्हणत, “ते पाह्य, मडम. इंग्रजीत मुकी हाय.” आणि हसत. मी दाराच्या आत बसून वाचून दाखवी, तो ओसरीवर बसून लिही. पहिल्या वर्षी त्याला अक्षरं ओळखताना घाम फुटे. दुसऱ्या वर्षी तो माझ्या चुका काढू लागला, त्याही खाली मान घालून.

त्याच्या आईची तयारी वेगळी होती. दोन वर्षं लागणार हे ऐकल्यावर तिने लगेच शिंप्याकडून त्याच्यासाठी बंद गळ्याचा काळा कोट शिवून घेतला, वाढत्या अंगाचा. तो पहिल्यांदा घालून आला तेव्हा बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. मुलं हसली. ती म्हणाली, “हसा. मुंबईले जाईपावतर बरोबर येते.”

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालली होती आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमच्याकडचा कापूस हवा होता. भाव चढले, बैलांच्या शिंगांना चांदी चढली. रस्त्याने गाड्यांच्या रांगा लागत, रुई उडून दौतीतसुद्धा पडे. आगगाडी अकोल्यापर्यंत आली होती, त्यामुळे माल तिकडे जाई. दाबलेल्या प्रत्येक गठाणीवर इंग्रजी अक्षरं उमटवलेली असत, आणि ती वाचणारा माणूस गावात सापडत नसे. दोन वर्षांच्या तयारीतलं पहिलं वर्ष संपलं की आमची मुलं तेवढं वाचू शकत.

दलालाने शाळेवर नवी कौलं घालून दिली होती. त्याआधी पावसाळ्यात मुलं पाट्या डोक्यावर धरून बसत. कौलं चढली त्या दिवशी बाबांनी त्याला नारळ दिला, हार घातला, विद्येच्या दानावर भाषण केलं. नंतर एक चांगला मुलगा शाळा सोडून आवारात गेला. मग दुसरा. मला वाटे, घरची अडचण असेल. नंतर लढाई संपली, भाव कोसळला, आवार ओस पडलं, तेव्हा ती मुलं बाजारात हिंडताना दिसू लागली. शेतात त्यांना कोणी घेईना, कचेरीत त्यांचं शिक्षण पुरेना. पण हे पुढचं. सुपारी कातरल्याचा आवाज ऐकत दाराआड उभी होते तेव्हा मला एवढंच कळलं, की ती कौलं कशाच्या बदल्यात आली होती.

सोमवारी तो आवारात गेला, कोट घालून. एव्हाना बाह्या मनगटावर आल्या होत्या. त्याच्या आईला बाबांनी सांगितलं, “ही पण तयारीच आहे. इंग्रजीचा सराव होतो.” ती आनंदाने गेली.

संध्याकाळी तो दारापाशी आला. उजव्या बाहीला काळी शाई लागली होती, ती त्याने पाठीमागे धरली.

“बाई, नाव गेलं का मुंबईले?”

“बाबांना विचारलंस?”

“इचारलं. म्हणते, होऊन जाईल.”

त्या रात्री जेवताना मी बाबांकडे पाहत राहिले. ते म्हणाले, “भाजी चांगली आहे.” भाजी त्याच्या आईचीच होती.

नाव पाठवायची मुदत त्या आठवड्याअखेर संपत होती. मुदतीत पोचेल अशी अमरावतीची शेवटची डाक त्याच्या नावाशिवाय निघून गेली. अकोल्याच्या शाळेचे हेडमास्तर मात्र आगगाडीच्या डाकेने उशिरापर्यंत नावं पाठवत, आणि पालक घेऊन येईल त्या मुलाचं नाव घेत. हे बाबांनीच पूर्वी मला कौतुकाने सांगितलं होतं.

डाक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माळीण आली. दलाल ओसरीवर होताच.

“माह्या पोराचं कसं काय, मास्तर?”

“चाललंय,” बाबा म्हणाले.

“मावशे, तुह्या पोराले आता साहेब खुर्ची देते बसाले,” दलाल म्हणाला.

“मुंबईच्या परीक्षेतबी खुर्ची देते म्हणे?”

दलाल हसला. बाबाही हसले, तसंच. ती दोघांकडे पाहून हसली, कारण सगळे हसत होते. मग तिने दाराकडे मान वळवली.

“तू सांग वो माय. तूच शिकवलं त्याले. पास होईन ना तो?”

मी उंबरा ओलांडून ओसरीवर आले. बाबा म्हणाले, “तू आत जा.” दलालाचा अडकित्ता थांबला. शब्द जुळवायला मी थांबले नाही. आले ते तिच्याच बोलीत आले.

“मावशी, त्याचं नाव मुंबईले गेलंच नाही. बाबा पाठवून नाही राहिले, त्याले गठाणी वाचाले ठेवून राहिले. कापसाच्या गाड्या आता अकोल्याले निघतीन. त्याले आवारातून काढा अन् एका गाडीवर बसा. तिथले हेडमास्तर नाव घेते. कोट घालूनच न्या त्याले.”