ग्रीक क्रियापदाचा गृहपाठ

आमच्या शनिवारच्या वर्गाचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. पण धडे विसरले जातात आणि किस्से राहतात, त्याला काय करणार? जालन्यात चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण बायबलमधल्या नव्या कराराची ग्रीक भाषा शिकतो. शिकवतो मी. नियमही माझाच. आठवड्याला एक क्रियापद, आणि ते नुसतं पाठ करायचं नाही, करून यायचं. ज्यानं केलं नाही, त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं.

*

पहिलं क्रियापद ‘एगेइरो’, म्हणजे उठवणे. रिटायर कंडक्टर सुधाकररावांनी पाहुणा म्हणून आलेल्या जावयाला पहाटेच हलवून उठवलं.

“जावई दुपारच्या गाडीनं निघून गेला, सर. पण क्रियापद बराबर झालं!”

*

मग ‘अकोलुथेओ’, मागे मागे जाणे. अलकाबाई मंठ्याच्या बाजारात सासूच्या मागं दिवसभर हिंडल्या. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “माझ्यावर नजर ठेवून राह्यली का तू?”

*

त्यानंतर आलं ‘अफिएमी’. हे मी फार रंगवून शिकवलं. कोळी जाळी सोडतात तेही हेच, आजारी बाईला ताप सोडतो तेही हेच, आणि माफ करणंही हेच. प्रभूच्या प्रार्थनेत, ‘जसं आम्ही इतरांना माफ केलंय, तसं तू आम्हाला कर’ या ओळीत, तर ते भूतकाळात आहे. माफ करू असं नाही, माफ केलंय.

सुधाकररावांनी विचारलं, “म्हंजे आधी गृहपाठ, मंग प्रार्थना?”

“बिलकुल!” मी ठासून म्हणालो.

आता मंठ्यालाच माझी धाकटी बहीण सुशीला राहते. तिच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव चुलतभावांच्या खाली छापलं, म्हणून मी लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून बोलणंही बंद आहे. वर्गात हे सगळ्यांना माहीत आहे. सांगतानाही लाज वाटते.

*

पुढच्या शनिवारी अलकाबाईंनी सोबत एक नवी विद्यार्थिनी आणली. सुशीला! ती गुपचूप सतरंजीवर जाऊन बसली. एकेकानं आपला गृहपाठ सांगितला. शेवटी सुधाकरराव मान खाली घालून म्हणाले, “सर, तुमचा?”

माझे कान तापले. मी फळ्याकडे वळून भूतकाळाची रूपं लिहीत सुटलो. मास्तर तर उभाच असतो, कोणाच्या काय लक्षात येणार?

मागून सुशीला म्हणाली, “दादा, लई वेळ झाला उभा हायेस. बस आता खाली.”