अंतऱ्यातलं नाव

त्या इंग्लिश बाईचा मला अजून राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बाई मोठी होती, हे मान्य. लहानपणी इंग्लंडात चर्चमध्ये गायली, मग स्वतः रचना करायला लागली. वाद्य एकही नाही, फक्त स्वतःचा आवाज. मशिनवर आवाजाचे एकावर एक थर चढवून एकटीच पन्नास जणींसारखी गायची. युरोपभर कार्यक्रम झालेले. शिकागोच्या एका युनिव्हर्सिटीत वर्षभरासाठी आली होती. आमच्या मंडळाच्या गणपतीत तिनं मला ऐकलं आणि दर शनिवारी नेपरव्हिलला माझ्या घरी शिकायला यायला लागली. मी खूश! पोहे काय, चहा काय, नुसती सरबराई.

मी तिला माझी बंदिश शिकवली. माझी म्हणजे मी बांधलेली. इथल्या पहिल्या हिवाळ्यात, स्टेशनबाहेर गाडीत नवऱ्याची वाट बघत बसायचे, तेव्हा सुचलेली. स्थायी, म्हणजे पहिला भाग, तेवढाच दिला. अंतरा नंतर, म्हटलं. आमच्या गुरुजींची तीच पद्धत. 'ही मी केलीय' हेही सांगितलं. तिनं मान डोलावली.

पुढे तिच्या कार्यक्रमाचं छापील पत्रक माझ्या मुलीनं आणलं. त्यात माझी बंदिश, आणि खाली लिहिलेलं: पारंपरिक, एका भारतीय गृहिणीकडून मिळालेली. गृहिणी! अठरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय मी! तळपायाची आग मस्तकात गेली. फोन केला तर गोड आवाजात म्हणते कशी, "पण असं संगीत तर सगळ्यांचंच असतं ना?" तिच्या स्वतःच्या प्रत्येक रचनेखाली मात्र तिचं नाव ठळक अक्षरांत.

वर म्हणाली, पुढच्या मोठ्या कार्यक्रमासाठी अंतरा हवाय.

म्हटलं, ये की. देते ना!

जुने बंदिशकार अंतऱ्यात आपलं नाव गुंफायचे. मीही गुंफलं. माझा खरा अंतरा बाजूला ठेवला आणि नवा बांधला: ही चाल माझी नव्हे गं, न विचारता उचलली मी, हिची धनीण वेगळी. आणि पुढे माझं नाव, आडनावासकट. ती मला दोन अक्षरांत हाक मारायची. पूर्ण नाव तिनं कधी विचारलंच नव्हतं. अर्थही विचारला नाही. चार शनिवार मी तिच्याकडून घोटून घेतलं. 'चाल'मधला च, 'वेगळी'तला ळ, काही सोडलं नाही. ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कळायला हवा होता.

"आई, दॅट्स सो मीन," मुलगी म्हणाली.

"हो, आहेच मी," म्हटलं.

कार्यक्रम दुपारचा होता. मंडळातले तीस जण गोळा करून नेले. बाई डोळे मिटून गायली. आणि काय गायली, खोटं कशाला बोलू, सुरेख! माझं नाव आलं तशा मागच्या रांगेतल्या काकू "अगं बाई!" म्हणून जवळजवळ ओरडल्याच. मग ती ओळ मशिननं धरली, आणि बाई पन्नास आवाजांत चोरी कबूल करत राहिली. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

शेवटी प्रश्नोत्तरं होती. कुणीतरी शब्दांचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "जुनी प्रार्थना आहे. कुणी रचली, कुणालाच माहीत नाही." आमच्या लोकांत हशा पिकला. मी उठले आणि एकेका ओळीचा अर्थ सावकाश, इंग्रजीत सांगितला. मग म्हटलं, "आणि ते नाव माझं." तिचा चेहरा पांढराफटक पडला. दया आली का? तिळमात्र नाही. घरी येऊन श्रीखंड खाल्लं, दोनदा वाढून घेऊन.

वाटलं, आता तरी नाव छापेल. तिच्या पुढच्या शहरातल्या कार्यक्रमाचं पत्रक मी कॉम्प्युटरवर उघडलं. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. माझी बंदिशच नव्हती; तिथे तिची एक जुनी रचना घातली होती. माझं नाव, आडनाव, दोनच शब्द. ते छापण्यापेक्षा अख्खी चाल टाकून देणं तिला सोपं वाटलं.