अनवाणी इंग्रज

गांगुर्डे काकांवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करतो. त्यांच्याबरोबर निम्मं आयुष्य काढलेली माणसं इथे मस्कतमध्ये आहेत. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं, शाळेत आम्ही मित्र इंग्रजीतच बोलायचो. तरी लिहितो आहे. काका गेले तेव्हा माझ्या मनात दुःखाच्या आधी संशय होता, आणि तो बाजूला ठेवून लिहिलं तर हा लेख खोटा होईल. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बातमी आली तेव्हा पप्पा आमच्या एसीचं फिल्टर धूत होते. ते एसी दुरुस्तीचंच काम करतात. फोन ऐकून त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "गांगुर्डे गेले रे. तिकडे सहम गावी साइटवर, जेवता जेवता..." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता विल्यम हॅडस्टोनबद्दल कोणाला विचारायचं?

काका मस्कतच्या बौशर भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम सुट्टीच्या शुक्रवारी, भाड्याच्या हॉलमध्ये व्हायचा. तिथे भाषणं आणि जेवण यांच्यामध्ये काका एकट्याने एक इंग्रज नट उभा करायचे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा विल्यम, धोबिणीचा मुलगा. आधी नाटक कंपनीत मेणबत्त्या विझवायचा, मग राजामागे मुकाट भाला धरणाऱ्यांच्या रांगेत उभा राहायला लागला. एका संध्याकाळी मुख्य नट दारू पिऊन पडला म्हणून याला राजा केलं. त्याची गावंढळ बोली ऐकून लोक हसले. तो थांबला, हसू संपू दिलं आणि तेच वाक्य त्याच बोलीत, पण सावकाश म्हणाला. काका इथे इतका वेळ थांबायचे की हॉलमध्ये मागे पत्रावळ्या मांडणारेही थांबायचे.

अंगात कोट, गळ्यात टाय आणि पाय मात्र अनवाणी. विंगेत चप्पल काढूनच ते स्टेजवर जायचे. "विल्यम बूट घालून रंगमंचावर पाय ठेवत नसे," असं सांगायचे. कोणीतरी हमखास ओरडायचं, "अहो काका, लंडनच्या थंडीत न्यूमोनियाने मेला असता तुमचा इंग्रज!" काका उत्तर द्यायचे, "तू एसीत बसून त्याची काळजी करू नकोस!"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पप्पांना वाटत होतं, मी अकाउंट्स घ्यावं. काका वर आले, चहा घेतला आणि पप्पांना म्हणाले, "याला इंग्रजी साहित्य घेऊ द्या. अडखळतो, पण विचार करून अडखळतो." पप्पांनी त्यांचा शब्द मानला. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी विल्यम हॅडस्टोनच घेतला. आणि तो मला कुठेच सापडला नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नाही, इंटरनेटवर नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, आधार दाखव, नाहीतर विषय बदल.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, मुंबईत रस्त्यावर एक जुनं पुस्तक मिळालं होतं. पुन्हा विचारलं, तर सूर बंदरात जहाजाच्या कामावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने सांगितलं होतं. "काका, नक्की काय?" म्हटलं, की "यल्ला, चल, चहा गार होतोय." मोबाईलवर त्यांचा प्रयोग कोणाला कधी रेकॉर्ड करू दिला नाही. का? जो खरं सांगतोय त्याला रेकॉर्डिंगची भीती कशाला? हळूहळू मला त्यांची सगळीच वाक्यं तपासावीशी वाटू लागली. मला साहित्य घे म्हणाले तेही असंच रंगवून म्हणाले असतील का? आणि पप्पांनी त्यावर माझी फी भरली...

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी काकूंकडे गेलो. त्या नाशिककडे परतायची बांधाबांध करत होत्या. मी भीतभीत हॅडस्टोनचं नाव काढलं. काकू म्हणाल्या, "मला कुठला इंग्रज माहीत असायला, बाळा? पण ते अनवाणी जाणं आमच्या मामंजींचं. सासऱ्यांचा जलसा होता ना. गावात वरच्या आळीतून जाताना त्यांना चप्पल हातात घ्यावी लागायची. स्टेजवर मात्र आपण होऊन काढायचे. म्हणायचे, इथं मी माझ्या मर्जीनं काढतो."

"आणि हसणाऱ्यांपुढे थांबणं?"

"तेही त्यांचंच असेल. यांनी बापाचं नाव कधी घेतलं नाही स्टेजवर. म्हणायचे, बापाचं सांगितलं की लोक आधी आडनाव विचारतात. इंग्रजाचं गुमान ऐकतात."

माझ्यापुरता निकाल लागला होता. इंग्रज नव्हताच. मी मॅडमना विषय बदलतो म्हणून कळवलं. त्यांनी लिहिलं, थांब, इंग्लंडमधल्या एका ओळखीच्या बाईंना जुनी वर्तमानपत्रं बघायला सांगितलंय.

परवा काकूंचं सामान खाली न्यायला गेलो होतो. घर रिकामं झालं होतं. दाराबाहेर काकांच्या तपकिरी चपला तशाच होत्या, टाचेकडे झिजलेल्या, भिंतीला समांतर लावलेल्या. काकूंनी त्या पेटीत भरल्या नव्हत्या आणि टाकायलाही सांगितलं नव्हतं. मी खाली वाकलो आणि फोन वाजला.

मॅडम होत्या. "सापडला," त्या म्हणाल्या. "विल्यम हॅडस्टोन. एका लहान गावच्या नाटकाच्या जाहिरातीत नाव आहे, आणि एका परीक्षणात दोन ओळी. बोलीवरून त्याची टिंगल केली आहे."

काकांना तो कुठे भेटला, हे आता कधीच कळणार नाही. पण तो होता.

"एक मात्र जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "परीक्षणात लिहिलंय की त्याच्या बुटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मग तुझं ते अनवाणी पायांचं कुठून आलं?"

"ते नाशिककडचं आहे, मॅडम," मी म्हणालो. "त्याचाही आधार आहे माझ्याकडे."