शंभर किलोच्या आत शालिकभाऊ

"पोट आत घ्या, शालिकभाऊ."

"घेतलं न जी. याच्या आत आता पाठच हाये."

शालिकभाऊ खांबाखाली उभे होते आणि सेफ्टी बेल्टचं बकल काही केल्या लागत नव्हतं. शेवटचं भोकसुद्धा चार बोटं लांब राहत होतं. समोर मी उभी. मी मोहाडीकडच्या एका सेक्शनची ज्युनिअर इंजिनिअर, म्हणजे आसपासच्या गावांची लाइट गेली की फोनवर जिला शिव्या बसतात ती बाई. शालिकभाऊ माझे सगळ्यात जुने लाइनमन. कुठला खांब कोणाच्या धानाच्या बांधीत उभा आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

नशीब बघा, नेमके त्याच दिवशी आमचे मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले होते. ते गाडीतून उतरले, पट्टा हातात घेतला आणि त्यावरचं लेबल वाचलं. पट्टा शंभर किलोपर्यंतचं वजन पेलतो, असं त्यावर लिहिलेलं असतं.

"आणि तुमचं किती?"

शालिकभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. ऑफिसात वजनकाटा नाही. म्हणून साहेब आम्हाला शेजारच्या राइस मिलमध्ये घेऊन गेले आणि शालिकभाऊंना धानाच्या काट्यावर उभं केलं. एकशे आठ. धान ओलं असलं की वजनातून थोडं कापतात, म्हणून तिथल्या हमालानं अगदी गंभीरपणे विचारलं, "ओलाव्याचं कापू का, भाऊ?" मला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत.

"पावसाळ्याच्या आधी शंभरच्या आत या. नाहीतर खांब बंद. बिलाच्या खिडकीवर बसायचं."

बिलाची खिडकी म्हणजे लोक जिथं भांडायला येतात ती जागा. परत येताना जीपमध्ये शालिकभाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, मले खिडकीत नका बसवू. सारी जिंदगी वरतं गेली माही. खाली बसून मी मरून जाईन." थट्टा करणारा माणूस असा बोलला की ते मनावर घ्यावंच लागतं. शिवाय माझा स्वार्थही होता. शालिकभाऊ खांबावर नसतील तर पावसाळ्यात माझं काही खरं नव्हतं.

सोमवारपासून त्यांनी भात बंद केला. आमच्या भागात माणसानं भात सोडला की शेजारी विचारतात, डॉक्टरनं काय सांगितलं, किती दिवस म्हणाले. नुसतं लिंबूपाणी, काकडी आणि अर्धी भाकर. दोन दिवस ते खांबापेक्षा ताठ चालत होते. तिसऱ्या दिवशी एका गावात काम निघालं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रात्रभर गेलेली लाइट परत आली, की खांबाजवळच्या घरातून लाइनमनसाठी काहीतरी येतंच. चहा, पोहे, कधी वडे. ती लाच नसते, आनंद असतो. पंखा फिरायला लागला की बाईमाणसाला कढईच आठवते. नाही म्हटलं तर घर रुसतं. शालिकभाऊंनी त्या घरी प्लेटभर पोहे खाल्ले. इथवर ठीक होतं. पण मग पुढच्या गावात वडे खाल्ले, त्याच्या पुढच्या गावात शिरा खाल्ला, आणि संध्याकाळी रोडवरच्या ढाब्यावर सावजी मटण. सकाळी मी विचारलं, हे काय?

"उपास मोडला न जी."

"मग पोह्यांवर थांबायचं ना."

"उपास अर्धा मोडत नाई, मॅडम. मोडला का मोडला. आता सोमवारपासून."

हे त्यांचं सगळं शास्त्र. त्यांच्या मंडळींनी, मंदावहिनींनी, त्यात भर घातली. "सोमवारी सुरू करायचं म्हून रविवारी घरातलं सारं संपवून टाकतेत. म्हंतेत, उद्यापासून तं काई भेटतच नाई." म्हणजे तीन किलो उतरायचे आणि दोन चढायचे. मी कॅलरी समजावून सांगितल्या. ग्राहक वाढीव बिलाचं कारण ऐकतो तशा चेहऱ्यानं त्यांनी ते ऐकलं.

पण वहिनी खमक्या. त्यांनी भात पुन्हा सुरू केला, फक्त वाटीनं मोजून. त्यानं फरक पडला. मे उतरायला लागला तेव्हा काटा एकशे तीनवर आला होता. मी खूश. पण शालिकभाऊ मात्र उगाच चिडचिडे झाले. आकडा जवळ येईल तसा माणूस खुलायला हवा, हा कोमेजत चाललेला.

त्याच आठवड्यात आमच्या क्लार्कच्या मुलीचं लग्न होतं. जवळच्या शहापूरला, हायवेवरच्या लॉनवर. भर दुपारी मी प्लेट घेऊन सावली शोधत होते, तर गुलाबजामच्या टेबलामागे शालिकभाऊ. प्लेटमध्ये पुऱ्या, भाजी, मसालेभात, वडे, आणि हातात गुलाबजामची गच्च भरलेली वाटी. माझं डोकंच फिरलं.

"शालिकभाऊ, तीन किलो राहिले होते. तीन."

"एक गुलाबजाम खाल्ला जी. एकच खाणार होतो. मंग म्हटलं, बुडालंच आता."

"बुडालं नाही, तुम्ही बुडवून राहिले. मुद्दाम."

ते वाटीकडे बघत म्हणाले, "खरं सांगू? पुरी मेहनत करून नापास झालो तं लोक म्हंतीन, शालिक आता म्हातारा झाला. खाऊन नापास झालो तं म्हंतीन, खाल्लं म्हून झाला. दुसरं बरं वाटते."



तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ड्यूटीवरचा नवा लाइनमन नितीन. एका गावातल्या डीपीवर माकड चढलं होतं आणि फीडर ट्रिप झाला होता. डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी मोठी लाइन, तिच्यावर अशा पुष्कळ गावांच्या डीप्या असतात. डीपी जळाली होती आणि नितीननं तिची दुरुस्ती होईपर्यंत सगळा फीडर बंदच ठेवला होता.

शालिकभाऊंचा आवाज चढला. "काय करून राहिला बे तू? एक डीपी गेली तं अख्खा फीडर काहून बंद ठेवला? बाकीच्या गावांनं काय केलं? तेवढी डीपी लाइनवरून काढ अन् बाकीचं चालू करून दे. तिचं उद्या पाहू."

फोन खिशात टाकला आणि पुरी उचलली. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. पुरी तोंडापर्यंत जाऊन थांबली. त्यांनी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"समजलं जी. बोलू नका."

प्लेटमधला भात आणि भाजी त्यांनी शांतपणे खाल्ली. अन्न टाकायचा प्रश्नच नव्हता. पुऱ्या आणि वडे शेजारी बसलेल्या आमच्या ड्रायव्हरकडे गेले आणि गुलाबजामची वाटी माझ्याकडे सरकली. मी ती कर्तव्य म्हणून संपवली.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन वेळेवर हजर. वाटीभर भात, वरण, भाजी.

"आज गुरुवार आहे, शालिकभाऊ. सोमवार नाही."

"मंग? कालची डीपी काल गेली."

त्यानंतर गावात पोहे आले की ते अर्धे खात आणि अर्धे नितीनला देत. कधी अख्खी प्लेट खाल्ली जाई, पण पुढच्या गावातल्या वड्यांना ते हात जोडत. घरं रुसली नाहीत. नितीनचा शर्ट मात्र बटणांवर ताणायला लागला.

पहिले ढग दिसले आणि साहेब पुन्हा आले. पुन्हा राइस मिल, पुन्हा तोच काटा. एकशे एक.

"साहेब, सात किलो उतरले," मी म्हणाले.

"पट्ट्याला सांगा."

राग आला, पण साहेबांचं बरोबर होतं. खाण्यात थोडं इकडेतिकडे चालतं, खांबावर चालत नाही. वर माणूस लटकलेला असतो. "पंधरा दिवस खिडकीवर," साहेब म्हणाले, "मग पुन्हा काटा."

शालिकभाऊंनी मान हलवली, मोटरसायकलला किक मारली आणि निघून गेले. मी मनात म्हटलं, गेला हा माणूस. इतके दिवस रडतखडत आणलं आणि आता सरळ सावजी. फोन लावला तर बंद. मला राहवेना. जीप काढली आणि रोडवरच्या त्या ढाब्यावर जाऊन सगळी टेबलं पाहिली. नव्हते. मग वहिनींना फोन केला.

"वहिनी, शालिकभाऊ कुठं आहेत?"

"घरी हायेत. जेवून राहिले."

"काय जेवून राहिले?"

"रोजचंच. वाटीभर भात, वरण, बरबटीची भाजी. काहून जी, काई झालं का?"

म्हणजे घरी त्यांनी काही सांगितलंही नव्हतं. "काही नाही वहिनी, सहज," म्हटलं आणि फोन ठेवला. ढाब्यावर उभी राहून मी डोळे पुसले. वेटरला वाटलं मसाल्याचा ठसका लागला, त्यानं पाणी आणून दिलं.

पंधरा दिवस शालिकभाऊ खिडकीत बसले आणि मेले नाहीत. उलट तक्रार घेऊन आलेल्यांनाच झापत होते. मग काट्यावर नव्व्याण्णव आले, साहेबांनी सही केली आणि त्याच दिवशी ते खांबावर चढले. खाली आम्ही टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, कारण पाऊस आला होता आणि तीन गावं अंधारात होती.

आता इतर सेक्शनचे लोक मला विचारतात, तुमच्या लाइनमनला जमलं ते नेमकं कधी? मी नव्व्याण्णवचा दिवस सांगत नाही. मी एकशे एकचा सांगते. त्या दिवशी माणूस नापास होऊन घरी गेला आणि रोजच्याइतकंच जेवला.